नावासाठी सोडलेली जागा

आत्याचं दुकान हॉस्पिटलच्या मागच्या गेटासमोर होतं, आणि मागच्या गेटाने कोण बाहेर येतं हे काही फोड करून सांगायला नको. पुढच्या गेटासमोर फळवाले होते, फुगेवाले होते, 'लवकर बरे व्हा' असं छापलेले गुच्छ विकणारे होते. तिथलं गिऱ्हाईक चुकूनही आत्याकडे फिरकलं नाही. आत्याकडे फोन यायचा आणि ती तीन प्रश्न विचारायची. नाव काय, किती फुटी, आणि किती वाजता हवं. चौथा प्रश्न तिने कधी विचारला नाही. लोकांना वाटायचं, बाई फार कोरडी आहे. प्रत्यक्षात तिला तासाभरात पुष्पचक्राची साठ-सत्तर फुलं तारेत घ्यायची असायची, आणि डोळे पुसत पुसत तार वळता येत नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. फरशी कायम ओली. एका भिंतीला पाण्याचे टब, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर लटकवलेल्या तारेच्या रिंगा, दीड फुटीपासून चार फुटीपर्यंत, आणि मधोमध पत्र्याचं टेबल. वडिलांनी हे दुकान टाकलं. ते गेले तेव्हा त्यांचं पुष्पचक्र तिनेच बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, कारण धाकटा भाऊ कॉलेजात होता आणि कुणीतरी शटर वर करायलाच हवं होतं. भाऊ शिकला, मोठ्या ऑफिसात लागला, केबिनमध्ये बसू लागला. आता कुणी विचारलं तर तो सांगतो, आमच्या वडिलांचा फुलांचा व्यवसाय होता. व्यवसाय या शब्दावर तो चांगला जोर देतो आणि लगेच विषय बदलतो.

आत्याच्या हाताला मात्र तोड नव्हती. ती प्रत्येक फुलाच्या मानेतून तार घ्यायची, दोन वेढे देऊन अंगठ्याच्या नखाने दाबायची. भर दुपारच्या उन्हात चार तास ठेवा, तिच्या चक्रातलं एक फूल मान टाकायचं नाही. इतरांची पुष्पचक्रं दुसऱ्या भाषणालाच गळायला लागत. आत्याची चक्रं सगळ्या भाषणांना पुरून उरत.

पण एक गोष्ट तिला खुपायची, आणि ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. ज्याच्यासाठी एवढी मरमर करायची, त्या माणसाने तिची फुलं एकदाही बघितली नाहीत. नातेवाईक बघायचे, पण भरल्या डोळ्यांना शेवंती काय आणि फ्लॉवर काय, सारखंच दिसतं. एकतीस वर्षं झाली. चांगलं झालंय, वाईट झालंय, रंग चुकलाय, असलं काही ज्याचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. म्हणून भाचीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा आत्याने मनाशी एकच गोष्ट पक्की केली. या लग्नाची फुलं आपण करायची. जिच्यासाठी करू ती समोर उभी राहून दोन्ही डोळ्यांनी बघेल.

भाचीवर तिचा तसा हक्कच होता. पोरगी लहान असताना शाळा सुटली की आत्याच्या दुकानात यायची, पत्र्याच्या टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर अभ्यास करायची आणि खाली पडलेल्या पाकळ्या वेचायची. मग एकदा शाळेत 'माझी आवडती जागा' असा निबंध आला. भाचीने लिहिलं, 'माझ्या आत्याच्या दुकानात रोज नवीन नाव येते. काल एक काका आले होते, म्हणजे त्यांचे नाव आले होते.' बाईंनी भावजयीला शाळेत बोलावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भाचीला पोहण्याचा क्लास लागला.

लग्न ठरल्यानंतर पंधरा दिवसांनी भाऊ दुकानात आला. बूट ओले होऊ नयेत म्हणून तो उंबऱ्यावरच थांबला.

"ताई, फुलांचं म्हणतेस, पण तू कशाला त्रास करून घेतेस? इतकी वर्षं राबलीस. आता भाचीच्या लग्नात तरी मिरव की जरा."

"मला मिरवता येत नाही. फुलं बांधता येतात."

"तसं नाही गं. हिचं म्हणणं असं की..." भाऊ टबातल्या शेवंतीकडे बघत म्हणाला, "तुझा हात आता त्या कामाला बसलाय. लग्नाचं काम जरा वेगळं असतं."

"कसं वेगळं?"

भावाने विचार केला. ऑफिसात तो वीस जणांना वेगळेपण समजावून सांगायचा, पण इथे त्याला एकच शब्द सापडला. "जरा हसरं असतं," तो म्हणाला.

"आणि पोरगी काय म्हणते?"

"ती म्हणते, तुम्ही ठरवाल ते."

आत्याच्या मनाला लागलं ते हेच. भावजयीच्या बोलण्याचं तिला काही वाटलं नाही. भावजय आत्याच्या घरून आणलेला गुलाबसुद्धा दोनदा धुवून मगच फुलदाणीत ठेवायची, ते ती ओळखून होती. पण पोरीने हट्ट धरायला हवा होता. निदान एकदा तरी पाय आपटायला हवे होते. आत्या "बरं" म्हणाली आणि तारेचं बंडल पुढे ओढलं. भाऊ हुश्श करून निघाला, आणि चार पावलांवरून परत आला.

"रविवारी आमच्याबरोबर येतेस का मात्र? एक डेकोरेटर बघायचाय. तुला फुलांतलं कळतं. आम्हाला कुणी टोपी घालायला नको."

म्हणजे आत्याचे डोळे हवे होते, फक्त हात नको होते. आत्या गेली. न जाऊन सांगते कुणाला!

डेकोरेटरने पाटीवर स्वतःला डेकोरेटर म्हटलं नव्हतं, 'वेडिंग डिझायनर' म्हटलं होतं. त्याच्या ऑफिसात सगळं पांढरं होतं. सोफा इतका बुटका की भाऊ त्यात बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीला टेकले, आणि पुढचा तासभर त्याने त्याच अवस्थेत सगळ्याला मान डोलावली. डिझायनर आतून हसत हसत बाहेर आला, आत्याला पाहिलं आणि हसू अर्ध्यावरच गिळलं.

कारण तो आत्याला चांगला ओळखत होता. गेली दोन वर्षं लग्नाच्या दिवसांत त्याचा टेम्पो मागच्या गल्लीतून आत्याच्या दुकानामागे लागायचा. कमानींचे आणि रिंगांचे पाला बांधलेले सांगाडे तो तिच्याकडून न्यायचा आणि वर आपल्या माणसांकडून फुलं खोचून घ्यायचा. तारकाम त्याच्या माणसांना जमत नव्हतं. हे दोघांनीही कधी बाहेर बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्या मुलीच्या आईला कमान कुठून येते हे सांगण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

"नमस्कार, आ... मॅडम," तो म्हणाला.

"नमस्कार," आत्या म्हणाली.

"या माझ्या नणंदबाई," भावजय म्हणाली. "यांनाही फुलांची थोडीफार माहिती आहे."

मग अल्बम आले. भावजयीने चष्मा लावला आणि एकेक पान उलटत निकाल द्यायला सुरुवात केली. लिली नको, हॉस्पिटलची आठवण येते. निशिगंध नको, वासाने डोकं चढतं. शेवंतीच्या पानावर ती थबकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ही तर नकोच नको. ही कुठे असते ते ताईंना माहितीये."

"असते बऱ्याच ठिकाणी," आत्या म्हणाली.

"थीम काय ठेवायची आहे मॅडम आपल्याला?" डिझायनरने विचारलं.

"थीमबिम आम्हाला कळत नाही. फुलं बघून माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे."

दुसरा अल्बम संपला, तिसरा निघाला. आणि तिसऱ्याच्या मध्यावर भावजयीने पानावर हातच आपटला. "हे! हेच! अहो बघा, हेच मी कधीची म्हणतेय!"

भावाने गुडघ्यांवरून मान लांब करून पाहिलं आणि डोलावली. आत्यानेही वाकून पाहिलं. गोल रिंग, पांढऱ्या आणि फिकट पीच गुलाबांची, मधे बारीक पाला. फोटो खालून कापलेला. दहा वाजता घड्याळाचा लहान काटा जिथे असतो, तिथल्या गुलाबाची एक पाकळी आत वळलेली. ती पाकळी आत्यानेच वळवली होती, कारण ती फाटली होती. गेल्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक वारले तेव्हा शाळेने तीन फुटी चक्र मागवलं होतं. त्या दिवशी बाजारात पांढरे गुलाब कमी पडले म्हणून तिने मधे पीच घातले. फीत बांधायच्या आधी ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तेवढ्यात हा डिझायनर सांगाडे न्यायला आला. "आत्या, काय काम आहे हो!" म्हणत त्याने मोबाइलवर फोटो काढला होता. आत्याला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

"मॅडम, तो जरा जुना पीस आहे," डिझायनर म्हणाला. "आता ते कुणी करत नाही. आपण काहीतरी नवीन..."

"जुनं असू दे. बघा ना, किती जिवंत वाटतंय! कुणाच्या लग्नातलं हो?"

"एका... शिक्षकांच्या."

"तरीच! सुशिक्षित घरातली निवड लगेच कळते," भावजय समाधानाने म्हणाली.

"माणूस फार चांगला होता," आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही ओळखत होतात?"

"ऐकून होते."

डिझायनर आत्याकडे बघत होता. पुढ्यात परीक्षेचा पेपर यावा आणि एकही उत्तर येऊ नये, तसं त्याचं तोंड झालं होतं. आता आत्याने तोंड उघडायचा अवकाश, की पांढरा सोफा, तीन अल्बम आणि त्याचं नाव सगळंच पाण्यात गेलं असतं. आणि उघडावं असं आत्याला वाटलंही. भावजयीने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातच्या कामाला नाक न मुरडता बोट लावलं होतं. पण तोंड उघडलं की अल्बम मिटणार, आणि काम तिसऱ्याच कुणाकडे जाणार. गप्प राहिलं तर काम फिरून फिरून एकाच पत्र्याच्या टेबलावर येणार. आत्या मूग गिळून बसली. एवढे मूग तिने जन्मात गिळले नव्हते.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "हेच घ्या."

"बघितलंत? ताईंनासुद्धा पटलं!" भावजय म्हणाली. "आठ घ्या. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार."

दुसऱ्या दिवशी दुपारी डिझायनर टेम्पो न आणता पायी, गॉगल लावून आत्याच्या दुकानात आला.

"आत्या, तुमच्या पाया पडतो. माझ्या माणसांना ते जन्मात जमणार नाही. फुलांसकट तुम्हीच करा. पण मॅडमना कळलं तर मला गाव सोडावं लागेल."

"किती फुटी?" आत्याने विचारलं.

"तीन."

"किती वाजता हवं?"

"लग्न सहाला आहे. दोनला टेम्पो लावतो." तो घुटमळला. "कळू देणार नाही ना?"

"माझ्याकडून आजवर कुठली गोष्ट बाहेर गेलीये?" आत्या म्हणाली, आणि ते खरंच होतं.

लग्नाच्या दिवशी तिने एकतीस वर्षांत पहिल्यांदा शटर अर्धं खाली ओढून 'आज बंद' अशी पाटी लावली. फोन दोनदा वाजला. तिने उचलला नाही. ज्यांना आता कशाचीच घाई नव्हती त्यांनी एक दिवस थांबायला हरकत नसावी, असा तिचा हिशेब होता. पहाटे फुलबाजारात जाऊन तिने एकेक गुलाब बोटांत फिरवून निवडला होता. फुलवाला वैतागून म्हणाला, "आत्या, कुणी मंत्री गेला काय?" आत्याने फक्त हसून दाखवलं म्हणून तो आणखीच चक्रावला.

पहिलं चक्र बांधताना तिने एकेक वेढा दोनदा तपासला. दुसऱ्याला एकदाच. तिसऱ्यापासून हात आपोआप काम करू लागले आणि मन सुटलं. ते मांडवाखालून भाचीबरोबर चालू लागलं. पोरगी येणार, पहिल्या चक्रापाशी थांबणार. काय म्हणेल? कदाचित काहीच म्हणणार नाही, नुसतं बघेल. तेवढंही पुरे होतं. पोरीवरचा राग केव्हाच वितळला होता. ती स्वतःशी गुणगुणत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

दीड वाजता आठवं चक्र झालं. आत्याने आठही भिंतीला टेकवली, हात पुसले, दोन पावलं मागे सरली, आणि तिची नजर खालच्या कडेवर अडकली.

आठही चक्रांना खालच्या बाजूला वीतभर जागा मोकळी होती. नुसता पाला, एक फूल नाही. फितीची जागा! जिथे नाव, हुद्दा आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलेली फीत बांधतात ती. मन लग्नाला गेलं होतं आणि हात नेहमीच्या कामावर आले होते.

टबात बघितलं तर चार गुलाब उरले होते. आठ जागा भरायला किमान साठ लागले असते. बाजार केव्हाच उठला होता. आत्याने ते चार गुलाब उचलले आणि परत टबात ठेवले. तेवढ्यात मागे टेम्पोचा हॉर्न वाजला.

डिझायनर आत आला आणि दारातच थांबला. "आत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "मी काय बोलू?" मग त्याची नजर खाली गेली. "ही जागा कसली?"

एकतीस वर्षं आत्या कुणाशी खोटं बोलली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. आताही ती बोलली नाही.

"नावं लावायला," ती म्हणाली.

डिझायनरने दोन्ही हात डोक्याला लावले. "नवरा-नवरीची नावं! सोनेरी अक्षरांत! आत्या, हे अख्ख्या शहरात कुणाला सुचलं नाही. हे माझ्या नावावर खपवलं तर चालेल ना?"

"खपव," आत्या म्हणाली. "सांभाळून चढव पण. एकावर एक ठेवू नकोस."

त्याने मान हलवली आणि, टेम्पोवाले करतात तसंच, एकावर एक ठेवली.

साडेपाचला आत्या नवी साडी नेसून हॉलवर पोहोचली, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना तिची चक्रं उंच स्टँडवर लागली होती आणि प्रत्येकाच्या खालच्या जागेत दोन नावं चमचमत होती. लोक फोटो काढत होते. कुणीतरी कुणाला सांगत होतं की परदेशात आता हीच पद्धत आहे. भावजय पाहुण्यांना घेऊन एका चक्रापुढून दुसऱ्यापुढे हिंडत होती.

"ताई, या, बघा! याला म्हणतात डिझाइन. नावांसाठी जागा आधीपासून ठरवून सोडलीये. नुसती फुलं काय, कुणीही बांधेल. हे डोकं सगळ्यांना नसतं."

"जागा सोडावीच लागते," आत्या म्हणाली.

भाऊही आला. लहानपणी त्याने अशी चक्रं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरोघर पोहोचवली होती. त्याने एका चक्राकडे पाहिलं, मग खालच्या जागेकडे, मग बहिणीकडे. मग "पार्किंगचं बघून येतो" म्हणत तो तरातरा निघून गेला. त्याला काय कळलं आणि काय नाही ते त्यालाच ठाऊक.

आत्या डावीकडच्या दुसऱ्या चक्राशेजारी उभी राहिली. तिथून दार नीट दिसत होतं. मनात तिने दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती, पोरीने कौतुक केलं तर म्हणायला. 'छान आहे हं, चांगला डेकोरेटर गाठलात' असं काहीतरी.

सहाला दहा मिनिटं कमी असताना भाची आली. पुढे आई, मागे चार मैत्रिणी, कडेने फोटोवाला. पहिलं चक्र तिने चालता चालता पाहिलं. दुसऱ्यापाशी ती थांबली. थांबली ती थांबलीच. मान तिरकी करून बघत राहिली.

"आई," भाची म्हणाली, "हे डावीकडे जरा चेपल्यासारखं नाही वाटत? आणि हा गुलाब बघ, अगदी खाली मान घालून बसलाय."

"काही नाही गं, छान आहे. चल पुढे, वेळ होतोय."

"मॅडम, तो लूकच तसा आहे," डिझायनर पुढे होऊन म्हणाला. "ऑर्गॅनिक."

"लूक कसला!" आत्या कडाडली. "एकावर एक ठेवलीस! तार सरकलीये ती!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. आत्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. माझा गुलाब, आणि मान घालून बसलाय? तिला संताप आला. आणि त्या संतापाच्या भरातच तिला उमगलं की एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडतंय. जिच्यासाठी फुलं बांधली ती समोर उभी आहे, आणि तिला ती पसंत नाहीत. आत्याला आनंद झाला. इतका झाला की आधीचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"कुठला गुलाब?" तिने विचारलं. "बोट लावून दाखव."

भाचीने बोट लावलं. आत्याने अंबाड्यातला एक आकडा उपसला, पाला बाजूला सारला, गुलाबाची मान वर उचलली, आकडा आत घालून दोन वेढे दिले आणि अंगठ्याच्या नखाने दाबले.

"आता?"

भाची गुलाबाकडे बघतच नव्हती. ती आत्याच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिने चक्राकडे पाहिलं, नावांच्या जागेकडे पाहिलं, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. भरल्या डोळ्यांचं आत्याला नको होतं. तसलं गिऱ्हाईक तिच्याकडे रग्गड होतं.

"रडू नकोस," ती दबक्या आवाजात पण दरडावून म्हणाली. "नीट बघ. मी विचारलं, आता कसं आहे?"

भाचीने नाक ओढलं. हाताच्या मागच्या बाजूने, काजळ फिसकटणार नाही अशा बेताने, डोळे टिपले. मग मान तिरकी केली.

"अजून थोडा वर," ती म्हणाली.

"आता?"

"हां. आता ठीक. पण आत्या, त्या समोरच्यात पीच जास्त झालेत."

"कुठे जास्त झालेत? मोजून घातलेत मी!"

"उजव्या बाजूला बघ ना तू."

दोघी समोरच्या चक्रापाशी गेल्या, मग तिसऱ्यापाशी. भाची बोट दाखवत होती आणि आत्या हुज्जत घालत घालत तारा वळत होती. मैत्रिणींनी वेळ घालवायला एकमेकींचे फोटो काढले. स्टेजवर नवरा मुलगा उठून उभा राहिला, पुन्हा बसला. डिझायनर एकाएकी फार मन लावून जमिनीवरच्या वायरी तपासू लागला. सहा वाजून गेले.

"ताई," भाऊ घाईघाईने जवळ येऊन कुजबुजला, "अगं, अडीचशे माणसं थांबलीयेत."

"थांबू देत," आत्या मान वर न करता म्हणाली. "माझं गिऱ्हाईक बोलतंय."

भावजयीने ते ऐकलं. तिने आत्याकडे पाहिलं, चक्राकडे पाहिलं, सोनेरी नावांकडे पाहिलं, आणि मग आठही चक्रांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. तिचं तोंड उघडलं. पण पाहुणे चारी बाजूंनी होते, आणि गेला अर्धा तास तिने त्यांच्यासमोर जे काही गोडवे गायले होते ते आता परत घेता येण्यासारखे नव्हते. तिने तोंड मिटलं आणि शेजारच्या बाईकडे बघून गोड हसली.

सहा वाजून सतरा मिनिटांनी दोघी आठव्या चक्रापाशी पोहोचल्या. हे टेम्पोत सगळ्यात वर होतं. त्याला धक्का लागला नव्हता, एकही फूल हललं नव्हतं, रंग जिथल्या तिथे होते. आत्याने ते वरून खाली बघितलं, मग भाचीकडे बघितलं आणि वाट पाहत उभी राहिली.

भाचीने बराच वेळ लावला. त्या चक्रात काहीच खोट नव्हती. तरी तिने एक शोधून काढली, आणि आत्याने ती दुरुस्त केली.